बुटांचा बाक

सोमवार, ३ मार्च

निवृत्त होऊन वर्ष होत नाही तोच पुन्हा हातात किल्ल्यांचा जुडगा आला. जुन्या छापखान्याच्या इमारतीत आता लहान लहान कॉम्प्युटर कंपन्या बसतात. त्या इमारतीचा मी आजपासून व्यवस्थापक. समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "आयुष्यभर डेपोत बसगाड्यांची वेळापत्रकं बसवलीत, ही चार पोरं काय तुम्हाला जड आहेत?" बसगाड्या उलटून बोलत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

खरं सांगायचं तर मी लेकीमुळे हो म्हणालो. तिची कंपनी दुसऱ्या मजल्यावर आहे. कंपनी म्हणजे ती, एक टेबल आणि एक जुना फ्रिज. दवाखान्यात लशी ठेवायच्या फ्रिजमध्ये ती काड्यापेटीएवढी डबी बसवते. फ्रिज बिघडून तापू लागला की डबी नर्सच्या फोनवर निरोप धाडते. डबी हुशार आहे, पण तिची बॅटरी आठवड्यात मान टाकते, आणि दवाखानेवाल्यांना ती वर्षभर टिकायला हवी. एप्रिलच्या शेवटी त्यांना दाखवायचं आहे. नाहीच जमलं तर जावयाच्या बंदराच्या शहरात एका बड्या कंपनीने तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवली आहे. जावई जहाजावर असतो, तेव्हा तिने तिकडे जाणं तसं सोयीचंच. मी त्यावर काही बोललेलो नाही आणि बोलणारही नाही.

ती गेली की भिंगरीही जाणार. भिंगरी म्हणजे नात. वय तीन, आणि एका जागी बसलेली तिला अजून कोणी पाहिलेली नाही.

गुरुवार, ६ मार्च

इमारत पायाखाली घातली. दारावरच्या पाट्यांवरून आत काय शिजतं ते कळत नाही, म्हणून सरळ डोकावून विचारतो. कुलूपवाले फोनने उघडणारी कुलपं बनवतात. नकाशावाले गोदामांचे नकाशे बनवतात. "गोदामाला नकाशा कशाला?" असं विचारलं तर अर्धा तास समजावत बसले. पटलं मला. आता कुठल्याही गोदामात गेलो तर मी हरवेन अशी भीती वाटू लागली आहे.

तळमजल्यावर मात्र पाळणाघर आहे. इमारतीतल्या लोकांची मुलं, शिवाय आजूबाजूच्या घरांतली थोडी. चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. त्या माझ्याहून लहान, तरी मीही म्हणू लागलो. दाराबाहेर बोळात भिंतीला लागून एक लांब, बुटका बाक आहे. बाहेरचे बूट तिथे काढायचे आणि आतले मऊ बूट घालायचे. मऊ बूट वरच्या फळीवर राहतात. पुढच्या वर्षीही मुलाची जागा हवी असेल तर अर्ज नाही, बिर्ज नाही. एप्रिल संपायच्या आत एक माप मोठे मऊ बूट आणून फळीवर ठेवायचे. बूट दिसले की जागा धरली, असा मावशींचा कारभार.

सहाच्या ठोक्याला तिथे जे होतं ते बघवत नाही. अख्खी इमारत एकदम खाली उतरते. आई-बाप त्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसतात, हाताने नाड्या बांधतात आणि तोंडाने अखंड बोलतात. पोरं बांधलेल्या नाड्या पुन्हा सोडतात. कुलूपवाला आज स्वतःच्या पोराला दुसऱ्याचेच बूट घालून घेऊन गेला. आमची लेक तर शेजारच्या गल्लीतल्या जुळ्यांच्या आईजवळ ठाण मांडून बसली होती आणि तिला फ्रिजच्या दाराच्या रबराबद्दल काहीबाही सांगत होती. दिवसभर फ्रिजमध्ये डोकं, आणि खाली येऊनही तेच! जुळ्यांची आई बिचारी ऐकून घेते, मधूनच मुलांच्या चित्राच्या मागे रेघोट्या मारते. भिडस्त असावी.

एका फलाटावर दोन गाड्या आल्या तरी आमच्याकडे चौकशी लागायची. इथे सगळ्याच येतात. काहीतरी केलंच पाहिजे.

मंगळवार, ११ मार्च

वेळापत्रक लागलं! रविवारी बसून आखलं आणि बऱ्याच दिवसांनी झोप छान लागली. आधी पाच वाजता बाहेरची मुलं, मग दर दहा मिनिटांनी एकेक मजला, सर्वांत शेवटी दुसरा. कुलूपवाल्याने स्वतः होऊन पाळणाघराच्या दाराला आपलं नवं कुलूप बसवून दिलं. ज्याची वेळ असेल त्याच्याच फोनला ते दाद देतं. त्यालाही चार लोकांना दाखवायला बरं.

मावशी वेळापत्रकाकडे बराच वेळ बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "मुलं रडतील हो. दोस्त गेल्यावर मागे राहणाऱ्याला रडू येतं."

म्हटलं, "सवय होईल."

"मुलांना होईल," त्या म्हणाल्या. मग कुणाला होणार नाही ते मी विचारायचं विसरलो.

बुधवार, १९ मार्च

काय शांतता आहे! लोक येतात, मूल उचलतात, जातात. बाकावर कोणी टेकतसुद्धा नाही. बूट बदलले नाहीत, भांडण नाही, पोरांच्या नाड्या पहिल्याच झटक्यात बांधल्या जातात. अध्यक्षबाई येऊन बघून गेल्या आणि मान डोलावली.

लेक रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, जुळी हल्ली दिसत नाहीत."

पाच वाजता मी वरच्या मजल्यांवर चक्कर मारत असतो, कोण येतं कोण जातं मला काय माहीत? "सोडलं असेल पाळणाघर. मुलं येतात-जातात," म्हणालो.

"हो का," म्हणाली, आणि भात चिवडत बसली. पोरगी थकली आहे. तिचा वेळ वाचवायला हवा. म्हणून मी जाहीर केलं, "उद्यापासून भिंगरीला मी आणणार. तू खाली उतरूच नकोस, कामाला तेवढाच वेळ मिळेल."

ती आधी नको म्हणाली, मग बरं म्हणाली. बापाने एवढंही करू नये तर काय.

मंगळवार, २५ मार्च

तिला वेळ मिळतो आहे, पण काम काही पुढे सरकत नाही. हे मला कोडंच आहे. आज वर गेलो तर ती फ्रिजचं दार उघडत होती, लावत होती, पुन्हा उघडत होती. मी नुसतं विचारलं, "किती दिवस चालली या खेपेला?"

"पी हळद आणि हो गोरी, असं नसतं ना बाबा!"

मग शांत झाल्यावर सांगितलं. फ्रिज म्हणजे लोखंडी पेटी. आतून बाहेर आवाज पोचवायला डबीला घसा ताणावा लागतो, आणि त्यात बॅटरी संपते. "मला रेडिओ कळणारं माणूस हवंय. थोड्या बॅटरीत लांबवर ऐकू जाईल असं बोलायला शिकवणारं. ते या गावात कुठून आणू? म्हणून तर सगळे मोठ्या शहरात जातात."

शेवटचं वाक्य ती माझ्याकडे न बघता बोलली. मी खाली आलो आणि लगेच कामाला लागलो. माणूस हवंय ना? मी शोधतो.

शनिवार, २९ मार्च

गुणी माणसांचा मेळावा झाला. झाला असं म्हणायचं. 'आपल्या गावातले तंत्रज्ञ, एकत्र या!' अशी पाटी मी स्टेशनपर्यंत चिकटवली होती. रेडिओ जाणणाऱ्यांचं विशेष स्वागत, असंही खाली लिहिलं होतं. दुपारी चारची वेळ, खुर्च्या रांगेत, बिस्किटं बशीत. आले कोण? अध्यक्षबाई, एक विमा एजंट, आणि दोन विद्यार्थी, ज्यांनी बिस्किटांचं विशेष स्वागत केलं. एजंटाने मला पाऊण तास धरून ठेवलं.

इमारतीतलं तर कोणीच नाही. सगळ्यांनी आधीच विचारलं होतं, शनिवारी पाळणाघर उघडं असेल का. नाही म्हटल्यावर तोंडं फिरवली. लोकांना कळकळच राहिलेली नाही.

सकाळी एका बाईंचा फोन आला होता. पाटी वाचली, यायची इच्छा आहे, मुलांना आणलं तर चालेल का? मागे दोन पोरं एका सुरात रडत होती. मी नम्रपणे सांगितलं, "बाई, गंभीर कार्यक्रम आहे. मुलांना कुणाकडे तरी ठेवून या."

"कुणाकडे?" त्यांनी विचारलं.

आता हे मी कसं सांगणार? त्या आल्या नाहीत. उरलेली बिस्किटं भिंगरीने संपवली.

गुरुवार, ३ एप्रिल

नकाशावाल्यांनी जागा सोडत असल्याचं कळवलं. मी चाट पडलो. एवढी शांत, एवढी स्वच्छ इमारत, आणि सोडायची? त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला, "काका, इथं काय नि दुसरीकडे काय. ओळखीचं कोण आहे?" मागच्या महिन्यात हाच गृहस्थ बाकावर बसून कुलूपवाल्याच्या पोराला खांद्यावर घेऊन घोडा-घोडा करत होता. मी त्याला तसं म्हणालोही. म्हणाला, "हो, तेव्हा आम्ही मिळून एक काम घेणार होतो. मग राहून गेलं."

का राहून गेलं? मी विचारलं. म्हणाला, "मुद्दाम फोन करून बोलावं इतकं मोठं काही नव्हतं." हे वाक्य माझ्या डोक्यात दिवसभर फिरतंय. डेपोत एखाद्या मार्गावरचे प्रवासी अचानक आटले तर मी स्वतः त्या गाडीत बसून जायचो, म्हणजे कारण कळायचं. इथे कुठल्या गाडीत बसू?

फळीवर नवे बूट दिसू लागले आहेत. कुलूपवाल्याच्या पोराचे निळे आले, पहिल्या मजल्यावरच्या मुलीचे आले. भिंगरीच्या जागी तेच जुने, अंगठ्यापाशी विरलेले. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि मी भिंतीकडे.

परतताना बुटांच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने माप विचारलं. मला कुठलं माहीत? हाताने दाखवलं, एवढं पाऊल. पिवळे घेतले. ऑफिसच्या खणात ठेवून दिले आहेत. लेकीला सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते मत दिल्यासारखं होईल, आणि मी मत देणार नाही असं ठरलं आहे.

मंगळवार, ८ एप्रिल

आज जी फजिती झाली ती सविस्तर लिहितो, कारण त्यातलं काहीतरी मला अजून नीट कळायचं आहे.

पाचला खालून हाका आल्या. पाळणाघराचं कुलूप बसलं. फोनला दाद देईना, किल्लीला देईना. मुलं आणि मावशी आत. दाराच्या काचेतून दिसत होतं की मुलं मजेत आहेत, मावशी गोष्ट सांगत होत्या. पाचवाले पालक बाहेर थांबले. तेवढ्यात पुढच्या वेळेचे आले, मग त्याच्या पुढचे. कुलूपवाला पार घामाघूम. आणखी थोडा वेळ गेला तेव्हा माझं सगळं वेळापत्रक त्या बोळात एकमेकांच्या पायांवर उभं होतं.

उभं राहून राहणार किती? बसले. आधी बाकावर, मग जमिनीवर. मी पुन्हापुन्हा माफी मागत फिरत होतो, पण कोणी माझ्याकडे लक्ष देईना. कुलूपवाला कुलपाचं झाकण काढून बसला होता. नकाशावाला चष्मेवाला शेजारी उकिडवा बसून म्हणाला, "अरे, घड्याळ चुकलंय त्याचं. त्याला वाटतंय रात्र झाली." दोघं हसायला लागले. मग कुलूप राहिलं बाजूला आणि त्यांचं ते राहून गेलेलं काम निघालं.

आवाज ऐकून लेक धावत खाली आली, भिंगरी आत म्हणून. काचेतून भिंगरी दिसली, नाचत होती. लेकीने सुस्कारा टाकला, मागे वळली आणि थबकली.

"अगं, तू! मला वाटलं तुम्ही सोडून गेलात."

"मी? मी रोज येते, पाचला. मला वाटलं तू बंदराच्या गावी गेलीस. हल्ली आजोबाच दिसतात म्हणे मुलीला न्यायला."

जुळ्यांची आई. दोघी बाकावर बसल्या आणि मी तिथेच खांबाला टेकून उभा होतो, म्हणून सगळं ऐकलं. ऐकायचं नव्हतं असं लिहिणार नाही.

"रबराच्या फटीतून अँटेनाची पट्टी बाहेर काढलीस का?"

"काढली. बराच फरक पडला. पण बॅटरी तरी महिनाभरच."

"डबी बोलते कितीदा?"

"दर मिनिटाला."

"दर मिनिटाला! सगळं ठीक असताना काय बोलायचंय तिला? माझी दोघं बघ. खेळत असली की गप्प असतात, मधून एक हाक मारतात, आई आहेस ना. लागलं तरच भोकाड. तिला तेच शिकव. तासाला एक हाक, आणि फ्रिज तापला तरच रडायचं."

लेक तिच्याकडे बघतच राहिली. मग विचारलं, "तुला हे कसं ठाऊक?"

"कसं म्हणजे? जुळी व्हायच्या आधी मी तेच तर करत होते. बिनतारी यंत्रं." आणि मग हसून, "परवा इथलीच एक पाटी वाचून फोन केला होता. कोणी खडूस म्हातारा होता, मुलांना आणू नका म्हणाला."

खांब बराच रुंद आहे. मी त्याच्या मागे सरकलो.

कुलूप उघडलं तेव्हा सव्वासहा झाले होते. कुणालाही घाई दिसली नाही. सगळे गेल्यावर मी मावशींची माफी मागितली, म्हटलं, "फार खोळंबा झाला, तुम्हाला आत अडकून पडावं लागलं."

"कशाचं अडकून?" त्या फळी आवरत म्हणाल्या. "मागचं दार उघडंच होतं की."

मला वाटत होतं मागच्या दाराला खाटा लावलेल्या आहेत. "मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होते. पण बाहेर बघितलं आणि म्हटलं, बसू दे जरा."

बुधवार, ९ एप्रिल

काखेत कळसा आणि गावाला वळसा. स्टेशनपर्यंत पाट्या लावल्या, आणि माणूस माझ्याच बाकावर बसलेलं होतं. त्याला तिथून उठवलं कोणी? मी. मग लेकीलाही उठवलं, तेही प्रेमाने. मला रात्रभर लाज वाटत राहिली आणि त्याचबरोबर, का कोण जाणे, उत्सुकताही. मी एवढा जाणता माणूस, आणि चुकलो नेमका कुठे?

सकाळी दाढी करताना सापडलं. दोन गाड्या एका फलाटावर येऊ नयेत म्हणून मी उभा जन्म झिजलो, हे खरं. पण डोंगराकडची शेवटची गाडी? ती आम्ही रोज मुद्दाम थांबवून ठेवायचो, खालून येणारी गाडी येईपर्यंत. त्या गाडीतली माणसं या गाडीत बसली नाहीत तर घरी पोचायचीच नाहीत. ती वेळ मीच बसवली होती आणि त्या एका गोष्टीबद्दल डोंगरावरचे लोक मला आजही रस्त्यात हात करतात. आणि इथे मी काय केलं? उतारू उतरायच्या आधी प्रत्येक गाडी सोडून दिली.

वेळापत्रक काढून टाकलं. कुलूपवाला स्वतःच म्हणाला, "काका, साधी कडी लावू या." सगळ्यांना सहाच. सुतार आला होता, बाक खिडकीपर्यंत वाढवायला सांगितला. आणि महिन्यातून एका शनिवारी मावशी चार तास पाळणाघर उघडं ठेवायला तयार आहेत. मेळावा तेव्हा, आणि तो वरच्या हॉलमध्ये नाही, बाकापाशी.

लेकीला म्हटलं, "भिंगरीला आजपासून तूच आणत जा. माझे गुडघे दुखतात."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "खांबामागे उभं राहिल्यामुळे दुखत असतील," म्हणाली.

गुरुवार, १७ एप्रिल

जुळ्यांची आई सोमवारपासून लेकीकडे कामाला येते. तिची अट एकच, सहाला खाली उतरणार म्हणजे उतरणार. लेक म्हणाली, "ती माझीही अट आहे." दोघी मिळून फ्रिजशी भांडतात. तिला मीच तो खडूस म्हातारा हे कळलंय, कारण आज जिन्यात म्हणाली, "आजोबा, मुलांना आणलंय, चालेल ना?" मी चालेल म्हणालो. दुसरं म्हणणार काय?

नकाशावाले जात नाहीत. सांगायला आले नाहीत, पण त्यांनी नवा पडदा लावला आहे.

भिंगरीचे बूट मात्र अजून तेच. बंदराच्या कंपनीचं पत्र टेबलावर फ्रिजखालच्या लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवलेलं दिसलं. उत्तर गेलं की नाही, विचारलं नाही. जीभ चावून चावून माझी जीभ राहते की नाही असं झालंय.

सोमवार, २८ एप्रिल

दवाखानेवाले आले. चार माणसं, त्यातली एक नर्स, आणि बोलली तीच सगळ्यात जास्त. डबी फ्रिजमध्ये ठेवली, दार लावलं, फ्रिजची वायर काढली. मी कोपऱ्यात, मला बोलावलेलं नव्हतं, पण व्यवस्थापकाला कुठेही उभं राहता येतं. बऱ्याच वेळाने नर्सच्या हातातला फोन वाजला. तिने फोनकडे बघितलं, मग फ्रिजकडे, आणि म्हणाली, "रडली की हो!"

बॅटरी वर्षभर टिकेल का हे वर्ष गेल्याशिवाय कळायचं नाही, पण त्यांनी मोजून बघितलं आणि मान्य केलं. सुरुवातीला आपल्याच भागातल्या दवाखान्यांत बसवणार. जुळ्यांच्या आईने लेकीला मिठी मारली. मी जिन्यात जाऊन डोळे पुसले.

लेक त्यानंतरही नोकरीबद्दल अवाक्षर बोलली नाही. मीही विचारलं नाही. यश आलं तरी माणूस जाऊ शकतं, नवरा तिकडे आहे, हे मला कळतं. सहाला खाली गेलो. नवा बाक भरलेला होता, खिडकीपर्यंत. लेक एका टोकाला बसून भिंगरीची नाडी बांधत होती आणि भिंगरी दुसऱ्या पायाची सोडत होती. शेजारी जुळ्यांची आई, पलीकडे कुलूपवाला, सगळे एकदम बोलत होते.

वर फळीकडे बघायचं नाही असं ठरवून आलो होतो. बघितलं. जुने विरलेले बूट गेले होते. त्यांच्या जागी लाल होते, नवेकोरे, एक माप मोठे.

मी ऑफिसात परत गेलो आणि खणातून पिवळे काढून आणले. लेकीने ते हातात घेतले, तळव्यापाशी मापाचा आकडा वाचला आणि मोठ्याने हसली. मग तिचे डोळे भरून आले. "बाबा, कधी आणलेत हे?"

"बरेच दिवस झाले," म्हणालो.

"दोन मापं मोठे आहेत."

मावशी म्हणाल्या, "दुकानात परत देऊन टाका." फळीवर लाल बुटांच्या मागे थोडी जागा होती, तिथे ठेवून दिले. त्याच्या पुढच्या वर्षी लागतील.